खणाचं घर

आमच्याकडे घर फुटात मोजत नसत, खणात मोजत. पाच खणाचं, नऊ खणाचं, एवढं कानावर पडलं की सोयरीक बघायला आलेल्या माणसाला समोरच्याची ऐपत कळायची. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन, त्यावर पालापाचोळा आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. दोन खांबांमधली जागा तो खण, आणि वरचं सगळं मिळून माळवद. चारी बाजूंनी दोन-अडीच फूट जाडीची दगडमातीची भिंत. उजेड यायला आणि चुलीचा धूर जायला वर एक साणं. औसा, निलंगा, उमरग्यापासून इकडे कंधार-मुखेडपर्यंत घर म्हटलं की हेच डोळ्यांपुढे यायचं. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना ढेलजेत, म्हणजे दारालगतच्या बैठकीत, पाठ टेकली की डोळा लागायचा.

माझे वडील, अण्णा, औसा तालुक्यातले गवंडी. त्यांचे वडीलही गवंडीच. मी डिप्लोमा करून शाखा अभियंता झालो, आता निवृत्त होऊन नांदेडला राहतो. आमच्या घरात भिंतीची अक्कल हातातून कागदावर आली ती माझ्यापासून. येताना वाटेत काय सांडलं त्याची ही हकिकत.

या घराचं मूळ गणित चांगलं होतं. छताचा भार लाकडी सांगाड्यानं घ्यायचा, भिंतीनं आडोसा द्यायचा, थंडावा धरायचा आणि चोरापासून राखण करायची. निजामाच्या राज्यात दरोड्याची धास्ती कायमची, रझाकारांच्या काळात तर विचारूच नका. जाड भिंत म्हणजे भरवसा. पण सागवान महाग. ज्याला झेपत नव्हतं तो बाभळीवर, लिंबावर भागवायचा आणि भिंतीलगतचा खांब वाचवायचा. म्हणजे तुळईचं टोक खांबाऐवजी सरळ भिंतीवर टेकवायचं. घर दिसायला तेच, खणही तेवढेच. फक्त आता छत भिंतीच्या जिवावर.

मग माती. मृगाच्या आधी माळवदावर नवी पांढरी टाकायची आमच्याकडची रीत. मागच्या पावसात कुठं गळलं ते बघून पाट्या चढवायच्या, पसरायच्या, चोपायच्या. जुना थर कुणी काढत नसे. उतरवायला मजुरी, टाकायला फक्त घरची माणसं. आजोबानं वीतभर टाकलेली माती नातवाच्या काळात दोन फुटांवर जायची. मी पुढे एकदा हिशोब केला. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे आठ-नऊ टन. तेव्हाचा एक भरलेला मालट्रक. त्याखाली पिढ्यान् पिढ्या माणसं गाढ झोपत होती, आणि चाक कधी हललं नव्हतं म्हणून कुणाला भीतीही नव्हती.

तिसरी गोष्ट भिंतीच्या पोटातली. दगडी भिंत दिसते एक, असतात दोन. एक आतला चेहरा, एक बाहेरचा, आणि मधल्या पोकळीत डबराचे तुकडे, चिप्या, माती. हे दोन चेहरे एकमेकांना धरून राहावेत म्हणून अधूनमधून भिंतीच्या पूर्ण जाडीचा एक लांब दगड घालावा लागतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार. आजोबा असे दगड खाणीवर आधी वेगळे काढून ठेवायचे. तो घातला की नाही, हे भिंत उभी राहिल्यावर, गिलावा झाल्यावर, घरमालकाला कधीच कळत नाही. कळतं ते एकट्या गवंड्याला.

१९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या आसपास जमिनीतून आवाज यायला लागले. मोठी गाडी लांबून जावी तसा घरघराट, मग मांडणीवरची भांडी वाजायची. १८ ऑक्टोबरला चांगलाच धक्का बसला, चारपेक्षा जास्त तीव्रतेचा. घरांना भेगा गेल्या, माणसं बाहेर झोपू लागली. त्यानंतर आठवड्यावर दिवाळी आली. भाऊबीजेला अण्णा आत्याकडे निघाले, मीही सोबत गेलो. आत्याचं गाव किल्लारीपासून जवळच, तेरणेच्या खोऱ्यात.

आत्या विधवा. दिराच्या शेजारी तिचं दोन खणाचं वेगळं घर होतं. आत गेलो तर चुलीमागच्या भिंतीवर चुन्याच्या बोटभर रेघा. आमच्याकडे दुधाचा हिशोब असाच भिंतीवर ठेवतात, म्हणून मी विचारलं, एवढं दूध कुठं घालायलीस? म्हणाली, "दूध न्हाई बापू, हादरे हायत." जाणवला धक्का की एक रेघ. पस्तीस-चाळीस तरी असतील. मी हसलो. अण्णा हसले नाहीत.

संध्याकाळी ढेलजेत दहा-पंधरा माणसं जमली. गवंड्याचा पोरगा इंजिनिअर झालेला, सरकारी नोकरीतला, त्याला विचारू या म्हणून. मी अठ्ठावीस वर्षांचा. कुणीतरी इतकं कान देऊन ऐकतंय याची सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर ते आवडलंही. मी त्यांना भारतीय मानक क्रमांक १८९३ मधला नकाशा तोंडी सांगितला. देशाचे भूकंपाच्या दृष्टीनं पाच पट्टे पाडलेत, पाचवा सगळ्यात धोक्याचा, पहिला सगळ्यात कमी. आपण पहिल्यात. दख्खनचं पठार म्हणजे जुना, निवलेला, स्थिर भूखंड. एकानं कोयनेचं विचारलं. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सगळ्यांना ऐकून माहीत होता. मी म्हणालो, ते धरणामुळं. आम्हाला वर्गात असंच शिकवलं होतं. नियमात न बसणारं जे होतं त्याला कारण देऊन बाजूला ठेवलं, आणि नियम जागच्या जागी राहिला. दुसरा म्हणाला, मग आपल्या इथल्या माकणीच्या धरणाचं काय? त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. काहीतरी बोललोच असणार.

आत्या उंबऱ्यात बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुज्या कागदावर हलत नसल बापू. हितं हलायलंय."

थंडी वाढली तशी बाहेर झोपणारी माणसं एकेक करून आत गेली. माझ्या बोलण्यानं कोण गेलं आणि थंडीनं कोण, हे मी नंतर कधी कुणाला विचारलं नाही. आत्या मात्र शेतातल्या कोठ्यावर झोपायला जायची ती जातच राहिली. वर पत्रा, बाजूला तुराट्याचा कुड. गावात तिला चेष्टेनं काहीबाही म्हणायचे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तीव्रता ६.२. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं मध्यम म्हणावी अशी, पण केंद्र उथळ आणि गावांच्या अगदी खाली. पुढचे दिवस पाऊस. त्या दिवसांबद्दल खूप लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही. आत्याच्या दिराच्या घरातले चौघे गेले. भाऊबीजेच्या संध्याकाळी माझ्या शेजारी बसून मान डोलावणारा तो दीरही त्यातच. रेघांची भिंत कुठली ते ढिगाऱ्यात ओळखू आलं नाही.

यावर लोक मला म्हणतात, म्हणजे अडाणी आत्या बरोबर आणि शास्त्र चूक. इतकं सोपं नाही ते. आत्याची कारणं ऐकली असती तर तुम्हीही हसला असता. तिच्या मते धरणाच्या पाण्यानं धरणीमाय कुशीवर वळत होती. शिवाय, असे आवाज येऊन विरून जातात, असंच बहुतेक वेळा घडतं. २००७ मध्ये नांदेड शहरात महिनोन् महिने जमिनीतून स्फोटासारखे आवाज येत होते, लोक रात्री रस्त्यावर उभे राहायचे. सगळ्यात मोठा धक्का तीनच्या आसपासचा, आणि हळूहळू थांबलं. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत तेच झालं. तिथली माणसंही उघड्यावर झोपली, तेही विरलं. कान तेच, भीती तीच, पण त्यांच्या आत्यांची गोष्ट कुणी लिहीत नाही.

माझी चूक मला फार उशिरा कळली, आणि ती नकाशा चुकीचा होता ही नव्हे. नकाशातला पहिला पट्टा 'इथं होणार नाही' असं म्हणतच नव्हता. 'इथं झाल्याची नोंद नाही' एवढंच तो म्हणत होता. नोंद माणसाच्या चार-दोन पिढ्यांची, आणि खडकाचा हिशोब हजारो वर्षांचा. नंतर तेर गावच्या प्राचीन अवशेषांवरून काही भूशास्त्रज्ञांनी तिथं सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी भूकंप झाला असावा असं मांडलं. खाली काय आहे ते बघायला किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा ३३८ मीटरपर्यंत आपला काळा दगड लागला आणि त्याखाली गाळाचा पातळ थर सोडला की जुना ग्रॅनाइटी खडक. २००२ मध्ये मानकाची नवी आवृत्ती आली, तीत पहिला पट्टाच रद्द झाला आणि लातूर तिसऱ्यात गेलं. ज्यांनी नकाशा काढला त्यांनीच तो खोडला. हे मी त्यांच्या बाजूनं धरतो.

माझी चूक अशी, की भूकंप येईल का, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कुणाकडेच नव्हतं, तरी मी ते दिलं. ज्याचं उत्तर माझ्याकडे होतं तो प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. त्या ढेलजेत मान वर करून पाहिलं असतं तर तुळई खांबावर आहे की भिंतीवर हे दिसलं असतं. साण्यातून मातीची जाडी सरळ मोजता आली असती. वरून निम्मी माती उतरवा, हे सांगायला नकाशा लागत नव्हता. भूकंप आला नसता तरी वाया काहीच गेलं नसतं, चार दिवसांची मजुरी सोडून. आणि अण्णा माझ्या शेजारीच बसले होते. त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

भूकंपानंतर सगळं फिरलं. आता लोक कुणाचंच ऐकेनात. बावन्न गावं नव्या जागी उठवली, जागतिक बँकेचं कर्ज आलं, बैठका झाल्या. त्या बैठकांमध्ये एकच सूर: दगड नको. ज्यानं आईबाप, लेकरं दगडाखालून काढली त्याला तुम्ही काय समजावणार? सिमेंटचं पाहिजे, आरसीसी पाहिजे. आमचे जाणकार सांगत होते की मारलं ते दगडानं नाही, दगड ज्या रीतीनं रचला त्यानं आणि डोक्यावरच्या मातीनं. सांगाडा नीट होता तिथं भिंती पडूनही खांब-तुळया उभ्या राहिलेल्या मी स्वतः पाहिल्यात. लोकांनीही पाहिल्या होत्या. पण डोळ्यांसमोर उभ्या राहिलेल्या खांबापेक्षा पडलेला दगड मोठा दिसतो.

नवी घरं मिळाली ती जमिनीच्या मानानं, २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची. रुंद रस्ते, लांब लांब घरं, ढेलज नाही, बैल कुठं बांधायचा माहीत नाही, आणि उन्हाळ्यात आत बसवत नाही. भूकंप झाला तर ही घरं लोकांना सांभाळतील, एवढं मी खात्रीनं सांगेन. रोज दुपारी मात्र लोक बाहेर लिंबाखाली.

ज्या गावांत नुकसान कमी होतं तिथं जुनी घरं जागेवरच मजबूत करायची योजना होती. गावोगाव 'संवाद सहायक' म्हणून बायका नेमल्या होत्या, त्या घरोघर जाऊन समजावायच्या. अभियंत्यांपेक्षा त्यांचं बोलणं लोकांना पटायचं. काम तसं साधं. छताची माती वीतभर ठेवायची, खांब आणि तुळईच्या कोनात तिरपा आधार ठोकायचा, भिंतीला आरपार भोक पाडून त्यात आकडा वळवलेली सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे नंतर घातलेला आरपार दगडच. भिंतीत ठरावीक अंतरावर अशी भोकं. बहुतेकांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि आलेल्या पैशात परसात सिमेंटची एक नवी खोली बांधली.

१९९५ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका गावात नमुना म्हणून घर निवडलं होतं. गवंड्यांचं प्रशिक्षण होतं, म्हणून अण्णांनाही नेलं. वय पासष्ट, पण करणी-ओळंब्याची पिशवी घेऊनच आले. घराकडे पाहून ते जरा थांबले. मला वाटलं, उन्हानं.

भिंतीवर खडूनं फुल्या मारल्या. पोरानं पहिल्या फुलीवर पहार लावली, बाहेरचा दगड हलवून हलवून काढला, आणि भिंतीच्या पोटातून चुरा वाहू लागला. पोत्याचं तोंड सुटावं तशी माती, चिप्या, खापराचे तुकडे, एक मडक्याचा गळा. पोरगा मागं सरला. चुरा त्याच्या पायावर ढीग होईपर्यंत येतच राहिला. भोकात हात घातला तर कोपरापर्यंत गेला आणि आतल्या चेहऱ्याच्या दगडाची पाठ लागली. तिला कशाचाच आधार नव्हता. दुसरी फुली, तिसरी फुली, तसंच. आम्ही अभियंते वहीत टिपत होतो. अण्णा त्या ढिगाशेजारी उकिडवे बसले, एक चिपी उचलून त्यांनी उलटसुलट केली.

"ही माझी भिंत हाय," ते म्हणाले. मोठ्यानं नाही, मला ऐकू जाईल इतकंच.

दुष्काळाच्या वर्षात, म्हणजे १९७२ च्या सुमारास, त्यांनी ते काम उक्तं घेतलं होतं. लांब दगड वर चढवायला दोन गडी लागतात, निम्मा दिवस एका दगडात जातो, आणि उक्त्यात दिवस आपला असतो. मालक रोज येऊन भिंतीकडे बघायचा, ओळंब्यात आहे म्हणून खूश व्हायचा. "त्यानं इचारलं असतं तर घातला असता," अण्णा म्हणाले. मग बराच वेळ गप्प राहून, "त्याला इचारायचं कसं कळावं?"

मी आजवर भूकंपावर ऐकलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा हे वाक्य माझ्या जास्त उपयोगी पडलं. नोकरीत पुढे ठेकेदार माझ्यापुढे बिलं ठेवायचे, तेव्हा मी प्लास्टरच्या आधी गेलो होतो का, एवढं स्वतःला विचारायचो. नेहमी गेलो होतो असं म्हणत नाही.

मालकाचं घर कोसळलं नव्हतं, हे सांगायला हवं. त्या गावात धक्काच कमी बसला होता. दुपारी मालकानं चहा आणला. अण्णांनी कप घेतला नाही, उपास आहे म्हणाले.

२६ जानेवारी २००१ ला भूज हललं. तेव्हा लातूरकडच्या बायका कच्छमध्ये जाऊन आल्या, आपलं घर पुन्हा कसं उभं केलं ते तिथल्या बायकांना सांगायला. त्याच भूकंपात पार अहमदाबादेत सिमेंटच्या बहुमजली इमारती बसल्या. कित्येकींच्या तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते खांब उभे होते. ती बातमी पाहून मला आमच्या बैठका आठवल्या. दगडावर गेलेला विश्वास लोकांनी जसाच्या तसा उचलून सिमेंटवर ठेवला होता, आत काय आहे ते न बघता. मी स्वतः नांदेडला ज्या इमारतीत राहतो तिचा तळमजलाही पार्किंगचाच. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातला हिंगोलीचा ४.५ चा धक्का आमच्यापर्यंत आला. शेजारी दार वाजवत आले, "साहेब, पुन्हा येईल का हो?" मी म्हणालो, ते मला माहीत नाही. मग बॅटरी घेऊन खाली गेलो आणि खांब-तुळईचे सांधे बघत फिरलो. दोन ठिकाणी काँक्रीट सुटून सळई दिसत होती, गंजलेली. सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला. खर्चाचा आकडा ऐकून पुढच्या बैठकीवर गेला.

आत्याची गोष्ट राहिली. नव्या गावात तिला २५० फुटांचं घर मिळालं. पाच-सहा वर्षांनी तिला भाकरीला आणि शेळ्यांना एक वेगळी खोली हवी झाली. त्या काळात लोक जुन्या गावठाणातून आपापला दगड बैलगाडीनं, ट्रॅक्टरनं आणून नव्या घराला जोडखोल्या बांधायला लागले होते. तोच दगड, तोच चिखल. शिकलेले लोक कपाळावर हात मारायचे. पण दगड फुकट, सिमेंट विकत, आणि भीतीलाही वर्षं होतातच. आत्यानंही तेच केलं. मला कळलं तेव्हा मी तातडीनं गेलो. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो.

भिंत डोक्याइतकी झाली होती. वर पत्राच टाकणार होती ती, माळवदाचं नाव नको म्हणाली. आणि भिंतीवर आतून चुन्याचे ठिपके. मला वाटलं, पुन्हा हादरे मोजायलीस का? ती म्हणाली, तुझ्या बापानं सांगितलं होतं. गवंड्यानं लांब दगड घातला की त्याच्या आतल्या तोंडाला ती लगेच चुन्याचं बोट लावायची, मग फिरून बाहेर जायची आणि बाहेरच्या तोंडाला. गवंडी वैतागला होता. म्हातारी कामाच्या मध्ये मध्ये येते म्हणून त्यानं मजुरी वाढवून मागितली होती.

मी आतून मोजले. बारा. बाहेर जाऊन मोजले, अकरा. पुन्हा मोजले.

"मला म्हाईत हाय," आत्या शेळीला पाला टाकत म्हणाली. "त्याला दोनदा बोलावणं धाडलंय. येईना झालाय."